चेंडूवरची जकात

आमच्या शाळेत चेंडू हवा असेल तर आधी पाढा म्हणावा लागतो. थट्टा करत नाही. मधली सुट्टी झाली की आठवी 'ब'च्या वर्गात, मागच्या भिंतीशी असलेल्या हिरव्या लोखंडी कपाटापाशी मुलांची रांग लागते. कपाटाशेजारी खुर्ची टाकून गव्हाणे बाई बसलेल्या असतात. मांडीवर किल्ल्यांचा जुडगा आणि नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा. रांगेतला पहिला मुलगा पुढे होतो, हात पाठीमागे बांधतो आणि म्हणतो, "बाई, व्हॉलीबॉल."

"सतरा," बाई म्हणतात.

तो सतराचा पाढा सुरू करतो. नीट म्हटला तर कपाट उघडतं, चेंडू मिळतो, आणि त्याच्या मागे उभे असलेले अकराजण आरोळी ठोकत मैदानाकडे पळतात. अडखळला तर रांगेच्या शेवटी जायचं. मागच्याने कुजबुजून सांगितलं तर दोघांनीही शेवटी जायचं.

दर ठरलेले आहेत. उडी मारायच्या दोरीला सातचा पाढा. टेनिसच्या चेंडूला तेराचा. बॅटला एकोणतीसचा, आणि स्टंप हवे असतील तर त्यांचं वेगळं. कॅरमला वर्तुळाचं क्षेत्रफळ. फुटबॉलला पायथागोरसचा सिद्धांत, तोही सिद्धतेसकट, आकृती काढून. मुलं ह्या प्रकाराला 'नाका' म्हणतात. "चल की लौकर, नाक्यावर लई गर्दी हुती," असं आमच्याकडे पाचवीतलं पोरगंसुद्धा सहज म्हणतं.

मध्यंतरी नववीतल्या एका पोराने अर्ज केला, तोंडी. "बाई, मी सोमवारीच दोनपासून तीसपर्यंत समदे पाढे म्हनून टाकतो. मग आठवडाभर मला सोडा. गाड्यांना फास्टॅग असतो तसं." मला वाटलं, आता ह्याचा कान पिळला जाणार. बाईंनी चष्मा वर सरकवून विचार केला आणि "मागणी रास्त आहे" असा निकाल दिला. तेव्हापासून शाळेत फास्टॅगवाल्या मुलांची एक जात तयार झाली. ती रांगेच्या बाजूने मान वर करून जातात.

मी ह्याच शाळेत मराठी शिकवते. कर्जत तालुक्यातल्या एका गावची ही माध्यमिक शाळा. गव्हाणे बाई गणिताच्या. आम्ही दोघी कर्जतला एकाच गल्लीत राहतो आणि माझ्या स्कूटीवरून रोज गावाला जातो. बाई मागे बसतात आणि माझ्या खांद्यावरून काट्याकडे बघत राहतात. "ताशी पस्तीस. अशानं प्रार्थना चुकणार." मी वेग वाढवला की म्हणतात, "आता वळणावर लागेल, सावकाश." वेग, वेळ आणि अंतर ही उदाहरणं मी शाळेत असताना सोडून दिली होती. ती आता रोज सकाळी माझ्या पाठीमागे बसून येतात.

बाई कोणाला नावाने हाक मारत नाहीत, विषयाने मारतात. "इतिहास आज आले न्हाईत का?" "विज्ञानाची मुलगी बारावीला हाय ना?" मी 'मराठी'. रस्त्याने, बाजारात, माझ्या नवऱ्यासमोरसुद्धा 'अहो मराठी'. पहिल्यांदा राग यायचा. आता कोणी नावाने हाक मारली तर मीच क्षणभर इकडेतिकडे बघते.

त्यांचं एक वाक्य पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. "उत्तर नको, रीत दाखव." फळ्याशी उभ्या असलेल्या मुलाला तर त्या म्हणतातच, पण बाहेरही कोणाची सुटका नाही. आठवडी बाजारात मेथीवालीने जुडीचा भाव वाढवला. बाई म्हणाल्या, "रीत दाखव." ती बिचारी गोंधळली, तरी तिने डिझेल, टेम्पो, पाट्या, हमाली असं सगळं बोटांवर मोजून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मागितला तो भाव दिला. वर म्हणाल्या, "बरोबर हाय. टेम्पोचं मी धरलंच नव्हतं." घासाघीस त्या कधी करत नाहीत. रीत बरोबर असली की त्यांची काही तक्रार नसते.

आता गणिताच्या बाईंकडे खेळाचं कपाट कसं आलं, हे विचाराल. आमचे खेळाचे सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी दुसरे येतील येतील असं म्हणता म्हणता ती जागा रिकामीच राहिली. मुख्याध्यापक काकडे सरांनी सगळ्या स्टाफवर एकवार नजर फिरवली. ज्याच्या त्याच्या कंबरेला, गुडघ्याला किंवा मणक्याला काहीतरी निघालं. शेवटी सर म्हणाले, "कपाट आठवी 'ब'मध्ये आहे. आठवी 'ब' गव्हाणे बाईंची. म्हणजे खेळ बाईंकडे." ह्यात रीत होती, त्यामुळे बाईंना नाही म्हणता आलं नाही.

बाईंनी आयुष्यात कधी चेंडू हातात घेतला नव्हता. त्यांनी सगळ्या खेळांच्या नियमांची पुस्तकं आणली आणि मे महिन्याच्या सुट्टीत ती अभ्यासक्रम बदलल्यावर पाठ्यपुस्तकं वाचावीत तशी वाचून काढली. जूनमध्ये मैदानावर उतरल्या त्या दोरी घेऊनच. कबड्डीचं मैदान पांढऱ्या फक्कीने आखलेलं होतं. बाईंनी दोन मुलांना दोरी धरायला लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापलं. मग सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं, "दोन्ही कर्ण सारखे न्हाईत. हा आयत नाही. इतकी वर्षं तुम्ही नुसत्या चौकोनात खेळत होता." मुलांचे चेहरे पडले. आपण इतकी वर्षं कशात खेळत होतो ह्याचा त्यांना खरोखरच पश्चात्ताप झालेला दिसला. मैदान पुसून पुन्हा आखलं गेलं.

कपाटाला बाईंनी दोन कुलपं लावली. बाईंचं माहेर शनिशिंगणापूरच्या शिवेवरचं. ज्या मुलखात घरांना दारं नसतात तिथली लेक, आणि खेळाच्या कपाटाला दोन कुलपं, ह्यावरून आम्ही त्यांची पुष्कळ चेष्टा केली. बाई शांतपणे म्हणाल्या, "तिथं शनिदेव बघतो. इथं मलाच बघावं लागतं."

नाक्याचा एक परिणाम मात्र बाईंच्या हिशेबात बसला नाही. खो-खोला जकात नव्हती. कारण खो-खोला कपाटातून न्यायचं काहीच नसतं. दोन खांब रोवलेले असतात आणि बाकी सगळा मामला पायांचा. त्यामुळे ज्यांना पाढे येत नव्हते ती सगळी मुलं-मुली हळूहळू खो-खोकडे वळली. रोज तोच खेळ खेळून इतकी तयार झाली की तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या मुलींनी ढाल आणली. बाई ढाल हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मराठी, ह्या नऊच्या नऊ माझ्याकडं नापास आहेत." त्यांच्या आवाजात काळजी होती की अभिमान, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या नऊजणींना भेळ खाऊ घातली.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका वर्षी दहावीचा निकाल घसरला.

आमच्या संस्थेचे सचिव म्हणजे अण्णा. पशुखाद्याचं मोठं दुकान आहे, आवाज त्याहून मोठा. माणूस वाईट नाही. शाळेच्या पत्र्यांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत त्यांनी पदरचं घातलेलं आहे. पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. निकाल घसरला तेव्हा ते म्हणाले, "पोरं खेळत्यात म्हनून नापास हुत्यात," आणि खेळाचा खर्च बंद करून टाकला. नवा चेंडू नाही, दोरी नाही, फक्कीसुद्धा नाही.

बाईंनी मैदान चुलीतल्या राखेने आखलं. फुटबॉल सायकलच्या पंक्चरवाल्याकडे नेला. व्हॉलीबॉल बाजारातल्या चांभारमामांकडून शिवून आणला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. शेवटी शेवटी त्याला गोल म्हणणं कठीण झालं. एका अंगाला फुगवटा आल्यामुळे तो मारला पूर्वेला तर जायचा ईशान्येला. मुलांना त्याची इतकी सवय झाली की तालुक्याच्या सामन्यात नवाकोरा चेंडू समोर आल्यावर आमचा संघ बावचळला. हरून आल्यावर कप्तानाने कारण सांगितलं, "बाई, त्यो चेंडू मारला तिकडंच जात हुता."

खेळ असा रडतखडत पण चालू राहिला. नाकाही चालू राहिला. आणि पुढच्या वर्षी दहावीचा निकाल चांगला वर आला.

तुम्हाला वाटेल, झालं, आनंदीआनंद. तसं नव्हतं. निकालानंतर संस्थेची सभा ठरली आणि तिच्या आधी गावात बातमी फुटली की अण्णा आता मैदानच अर्धं करणार आहेत. शाळेच्या शेजारी नवं मंगल कार्यालय झालंय. त्यांना गाड्या लावायला जागा हवी होती. रस्त्याकडची निम्मी बाजू त्यांना द्यायची आणि येणाऱ्या भाड्यात दहावीचे जादा तास घ्यायचे, असा बेत. खो-खोचे खांब नेमके रस्त्याकडच्या बाजूला होते. स्कूटीवर त्या आठवड्यात बाईंनी एकदाही वेग सांगितला नाही.

सभेच्या दिवशी सकाळी काकडे सरांनी बाईंना व्हरांड्यात गाठलं. मी शेजारीच होते. "बाई, मी आज मुद्दा मांडणार आहे. खेळामुळेच निकाल वाढला. अण्णा तुम्हाला विचारतील. तुम्ही फक्त 'हो' म्हणा. एवढं एकच अक्षर. मैदान वाचतंय."

"बघू," बाई म्हणाल्या.

सर मला हळूच म्हणाले, "तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. हो म्हणत नाहीत असं दिसलं तर कोपरानं ढोसा."

सभेची आमची एक पद्धत आहे, ती आधी सांगते. अण्णांचं मन ठरलं की ते "चहा सांगा" म्हणतात. चहा आला म्हणजे विषय मंजूर. मग कोणी हात वर करा, खाली करा, त्याला अर्थ नाही. मन ठरेपर्यंत कितीही वेळ जावो, घोटभर चहा कोणाला मिळत नाही. मागे पाण्याच्या टाकीच्या विषयाला आमचे इतिहासाचे सर भोवळ येऊन खाली बसले होते.

अण्णांनी सुरुवात केली. "सरळ गोष्ट हाय. खेळाला पैसे देत हुतो तवा निकाल पडला. पैसे बंद केले, निकाल वर आला. आता ह्यात आनखी काय सांगायचं ऱ्हायलं? निम्मं मैदान देऊन टाकू, आन जादा तास घिऊ. पोरांचं भलं हुईल."

काकडे सर उठले. मोबाईलवर आलेला एक मजकूर त्यांनी आधी वाचून दाखवला. त्यात खेळाने मेंदूला रक्त कसं पोचतं ते होतं. मग म्हणाले, "अण्णा, पैसे बंद झाले होते, खेळ बंद नव्हता. गव्हाणे बाईंनी चालू ठेवला. मुलं खेळली, म्हणून निकाल वाढला. खर्च सुरू करा, अजून वाढेल."

अण्णांनी सरांकडे आणि बाईंकडे आलटूनपालटून बघितलं. "बाई, तुमी गनिताच्या. तुमी खोटं बोलायच्या न्हाईत हे अख्ख्या गावाला ठावं हाय. खेळानं निकाल वाढला का बुडला, काय ते एकदा सांगून टाका."

बाई उभ्या राहिल्या. मी कोपर तयार ठेवलं.

"अण्णा, तुमचं चूक हाय," बाई म्हणाल्या. काकडे सरांचा चेहरा उजळला. "आणि सरांचंबी चूक हाय. रीत दोघांकडं न्हाई."

मी कोपराने ढोसलं. बाई म्हणाल्या, "ढोसू नका मराठी, मी बोलतेय." सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली.

"ज्या साली निकाल पडला," बाई पुढे म्हणाल्या, "त्या साली पाऊस नव्हता. दिवाळी झाली तशी निम्मी दहावी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. कारखान्यावर पाचटाच्या कोपीत बसून कोण भूमिती करतंय? थेट परीक्षेला आली ती पोरं. गेल्या साली पाऊस बरा झाला. रानात काम हुतं, माणसं गावात ऱ्हायली, पोरं वर्गात ऱ्हायली. निकाल वाढला तो पावसानं. मग आता काय, खेळाचे पैसे ढगाला द्यायचे का?"

मागच्या रांगेत खसखस पिकली. बाई माझ्याकडे वळल्या. "मराठी, ती कावळ्याची म्हण सांगा."

काय करणार, मी उठले आणि भर सभेत, तिसरीतल्या मुलीसारखी, हात बांधून म्हटलं, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ."

"बसा," बाई म्हणाल्या. मी बसले.

अण्णा हसले नाहीत. ते दुकानदार आहेत. वजनकाट्याला हात लावलेला त्यांना आवडत नाही. "बरं. ऱ्हायलं. माझं चुकलं असंल. पन मग खेळानं मार्क वाढत्यात, हेबी खरं न्हाई?"

"सांगता येत न्हाई."

काकडे सरांनी कपाळावर हात मारला. तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"मार्क वाढत न्हाईत," अण्णा एकेक शब्द तोलून म्हणाले, "तर मग मैदान कशासाठी ठिवायचं? पैसे कशासाठी द्यायचे? काय तरी कारन पायजे का नको?"

हातातला किल्ल्यांचा जुडगा बाई ह्या हातातून त्या हातात घेत राहिल्या. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसतेय, पण त्यांना रीत शोधताना मी पहिल्यांदाच बघितलं. मला भीती वाटली. खांब गेलेच असं वाटलं.

"पोरांना खेळायला आवडतं म्हणून," बाई अखेर म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढंच. त्याला अजून कायबी जोडता येईल. पण ते खोटं हुईल."

अण्णा पुढे झुकले. त्यांना आता मुद्दा सापडला होता. "आवडतं म्हनून द्या म्हनता. मग तुमी सोता पाढ्याबिगर चेंडू देत न्हाई, ते का? माझा नातू चार दिस रांगंत उभा ऱ्हायला. रडत आल्ता घरी."

हे खरं होतं. त्याला तेराचा येत नव्हता. आम्ही सगळे बाईंकडे बघायला लागलो.

"ते माझं चुकत असंल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी उतरला होता. "मला पाढेच येतात मागायला. दुसरं काय मागायचं हे मला ठाऊक न्हाई. मी कधी खेळले न्हाई."

"लहानपनीबी न्हाई? लगोरी, बिट्ट्या, कायच न्हाई?"

"मी गुण लिहायची."

अण्णांना कळलं नाही. बाईंनी मग सांगितलं, वर्गात उदाहरण समजावून देतात तसंच, सपाट आवाजात. "माझं गणित चांगलं. म्हणून खेळाच्या तासाला मला खुर्चीवर बसवायचे, गुण लिहायला. सगळ्या मुली मैदानात, मी कडुलिंबाखाली. शाळा सुटेपर्यंत तेच. एकदा मी बाईंना म्हटलं, मलाबी खेळू द्या की. त्या म्हणाल्या, तू खेळलीस तर गुण कोण लिहील?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या कुणाची बेरीज जमत नव्हती."

कोणी हसलं नाही. खरं म्हणजे शेवटचं वाक्य हसण्यासारखं होतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ह्या बाईबद्दल मला एकदम इतकी माया वाटली की मी उगाच त्यांच्या पदराची घडी नीट केली.

अण्णा खिडकीतून मैदानाकडे बघत होते. बाहेर खो-खोच्या पोरी होत्या. सभा असल्यामुळे त्यांना आवाज न करता खेळायला सांगितलं होतं, त्यामुळे त्या 'खो' कुजबुजत पळत होत्या. मग अण्णा खुर्चीला टेकले.

"काकडे," ते म्हणाले, "चहा सांगा."

मैदान राहिलं. खर्च पूर्वीइतका नाही सुरू झाला; चेंडूंचे, दोऱ्यांचे आणि फक्कीचे पैसे मिळाले, जाळीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पण जाताना अण्णा बाईंपाशी थांबले. "बाई, त्या नातवाचं तेवढं बघा." बाई म्हणाल्या, "तेरा साती एक्क्याण्णवला अडतो तो. आठ दिवसात करून घेते." अण्णांनी हात जोडले. नियम तो नियम.

ह्यानंतरच्या रविवारची गोष्ट. घटक चाचणीचे पेपर मी शाळेतच विसरले होते. सकाळी नाश्ता आटोपून एकटीच स्कूटीवरून गेले. बाई त्या दिवशी सावेडीला असायला हव्या होत्या. तिथे, शहरात, त्यांच्या लेकीचा फ्लॅट आहे. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. लेक सारखी म्हणते, आई, आता इकडेच ये. बाई शनिवारी जातात आणि रविवारी रात्रीपर्यंत परततात. "चांगलं हाय तिकडं," एवढंच म्हणतात.

फाटक उघडं दिसलं. मैदानाच्या कडेने मी ऑफिसकडे निघाले, तर पलीकडून, पाण्याच्या टाकीमागून, धप्प धप्प असा आवाज. कुणाची गुरं शिरली की काय म्हणून वळून बघितलं.

गव्हाणे बाई होत्या. पदर कमरेला खोचलेला, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. हातात नवा व्हॉलीबॉल. त्या तो भिंतीवर टाकत होत्या आणि परत आला की धरायला बघत होत्या. बहुतेक वेळा तो हातातून निसटत होता. मग त्या त्याच्यामागे लगबगीने जात, वाकून उचलत, पुन्हा भिंतीसमोर येऊन उभ्या राहत, चष्मा सावरत आणि पुन्हा टाकत. एकदा मात्र बरोबर धरला. धरल्यावर त्यांनी आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. तेव्हा मी दिसले.

"सावेडीला गेला नाहीत?" मी विचारलं.

"सकाळच्या गाडीनं आले. नवा चेंडू आलाय ना, उसळी बघत होते."

"बघून झाली?"

बाईंनी चेंडूकडे बघितलं. "अजून न्हाई."

मी पेपरांचं विसरले. पायरीवर पर्स ठेवली. बाई चेंडू पोटाशी धरून तशाच उभ्या होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मराठी, त्या दिवशी अण्णांना सगळं न्हाई सांगितलं मी. पाढा म्हणेपर्यंत पोरं माझ्याजवळ थांबतात. चेंडू हातात पडला की मागं वळूनसुद्धा बघत न्हाईत. बघूबी नये. खेळायचं असतं त्यांना. पण सतराचा पाढा जरा लांब हाय, बरं वाटतं."

मी त्यांच्यासमोर थोड्या अंतरावर जाऊन उभी राहिले आणि सवयीने, रांगेतल्या मुलांसारखे, हात पाठीमागे बांधले.

"बाई," मी म्हटलं, "मला सतराचा येत नाही हं."

"विचारलाय का कुणी?" त्या म्हणाल्या, आणि चेंडू माझ्याकडे टाकला.